धुळे ते चाळीसगाव, पायी

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या रुळावर डोकं ठेवून आडव्या झाल्या होत्या.

धुळ्यात येऊन मला जेमतेम दोन तास झाले होते. शाळेत मास्तरकी मिळाली होती. ट्रंक धर्मशाळेत टाकून मी खोली शोधायला निघालो आणि स्टेशनच्या पलीकडे वाट चुकलो. समोर रूळ, रुळाशेजारी तांब्याचा लोटा, आणि विधवेचं लाल आलवण नेसलेली, पदर कपाळापर्यंत ओढलेली एक बाई रुळाला गाल टेकून पडलेली. मी धावलो आणि दंडाला धरून त्यांना बाजूला ओढलं.

त्या उठून बसल्या, गालाला लागलेला गंज पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "गाडी मोहाडीच्या अलीकडे आली होती. आता पुढचं ऐकायचं राहिलं."

"मला वाटलं, तुम्ही जीव द्यायला..."

"जीव द्यायला येणारी बाई प्यायला पाणी घेऊन येते का?"

त्यांनी माझं गाव विचारलं, नोकरी विचारली, आणि खोली हवी असेल तर माझ्याकडे आहे म्हणाल्या. "कांदा खातोस?"

खात नाही म्हणावं की काय, अशा विचारात मी पडलो. आलवणातल्या बाईच्या घरात कांदा कसा चालेल? भीत भीत हो म्हटलं.

"मग दार उघडं ठेवून खात जा. मला वास आवडतो."

एवढं बोलून त्या लोटा उचलून चालू लागल्या. मी मागोमाग गेलो. असा मी त्यांचा भाडेकरू झालो आणि चार वर्षं राहिलो.

सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. वय पन्नाशीच्या पुढचं. उंच, काटक, पावलं पुरुषासारखी मोठी. वडिलांनी मागे ठेवलेलं कापसाच्या एका जिनच्या पाठीमागचं लहानसं घर, त्यातली पुढची खोली माझी. माहेरचं कुणी उरलं नव्हतं. सासरचं कुणी आहे की नाही, हे त्या सांगत नसत.

त्यांचं सगळं मोजमाप रेल्वेच्या लाइनीवर चाले. धुळ्याहून चाळीसगावला जाणारी ती आमची एवढीशी लाइन, पस्तीसेक मैलांची. अक्कांना जगात दुसरं अंतर ठाऊक नव्हतं. बाजार किती लांब आहे विचारलं तर "अर्धी मोहाडी" म्हणायच्या. दुपार, तिसरा प्रहर असले शब्द त्यांच्या तोंडी नव्हते. 'गाडी गेल्यावर' आणि 'गाडी यायच्या आत' एवढ्या दोनच वेळा. माणसांनाही त्या स्टेशनांची उपमा देत. आमच्या मुख्याध्यापकांबद्दल म्हणाल्या होत्या, "चांगला आहे रे, पण राजमान्यासारखा. गाडी थांबते, उतरत कुणी नाही."

पण गाडीत त्या कधी बसत नसत. वर्षातून चार-पाच वेळा त्या ही लाइन पायी चालत. धुळ्याहून निघायचं, मोहाडी, बोरविहीर, शिरूड, मोरदड, राजमाने, जामदा, भोरस करत दुसऱ्या दिवशी चाळीसगाव गाठायचं, तिथे स्टेशनच्या नळावर तोंड धुवायचं आणि मागे फिरायचं. काम काही नाही, देवदर्शन नाही, नातेवाईक नाहीत. गावात कुणी म्हणे डोक्यावर परिणाम झाला आहे, कुणी म्हणे नवरा रेल्वेत होता आणि त्याचं पिशाच्च त्यांना ओढून नेतं.

दर पंधरा दिवसांनी न्हावी येई. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मान वहीत घातली. मागच्या अंगणात अक्का पाटावर ताठ बसलेल्या, वस्तरा डोक्यावरून फिरतोय, आणि त्या त्याच्याशी बोलतायत, "आज बोरविहिरीला पाण्याची टाकी रंगवायला घेतली आहे. पिवळा रंग देणार आहेत." न्हावी बिचारा हूं हूं करत होता. त्या चालायला निघत त्या बहुतेक वेळा न्हावी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, पहाटेच दाराला कुलूप दिसे.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. शाळा तपासायला साहेब येणार होता त्या सकाळी मी घाईनं उंबरठ्याबाहेर पाय टाकला आणि समोरून अक्का पाणी घेऊन आल्या. माझा पाय आपोआप मागे आला. मी शिकलेला होतो, खादी वापरत होतो, सभांतून विधवांच्या दुःखावर भाषणं ऐकत होतो, आणि तरी पाय मागे आला. अक्कांनी ते पाहिलं. घागर खाली न ठेवता त्या वळल्या.

"जा तू," म्हणाल्या. "मी जिनला वळसा घालून येते."

संध्याकाळी माफी मागायला गेलो तर त्यांनी विषय काढू दिला नाही. पण माघात, थंडी असताना, आपणहून म्हणाल्या, "चलतोस का माझ्याबरोबर? बघ तरी मी काय करते ते."

त्या दोन दिवसांनी माझे तळपाय सोलले, पण त्या दोन दिवसांसारखी दुसरी वाट मी आयुष्यात चाललो नाही. अक्का पुढे, रुळाखालच्या एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर, न चुकता. मी मागे खडीत ठेचकाळत. मोहाडी मागे पडली आणि लळिंगचा डोंगर बाजूला सरकला, तसा त्यांनी पदर डोक्यावरून खाली घेतला. भर उन्हात, उघडं डोकं. मी नजर फिरवली.

"इथे कोण आहे बघायला?" त्या म्हणाल्या. "तुला चालत नसेल तर पुढे चाल."

बोरविहिरीच्या पुढे रेल्वेच्या गँगची माणसं खडी ठोकत होती. त्यांचा मुकादम लांबूनच ओरडला, "अक्का, आज संगे कोन शे?"

"मना भाडेकरी शे. मास्तर शे."

"बठा मंग. भाकर खाई ल्या."

बाभळीखाली बसलो. मुकादमाच्या बायकोनं पाठवलेली कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकर, मिरचीचा ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. अक्कांनी कांद्याची पाकळी उचलली आणि माझ्याकडे बघत बघत खाल्ली. माझा घास हातात राहिला.

"दोन स्टेशनांच्या मधे मी कुणाची कुणी नाही," त्या म्हणाल्या. "स्टेशन आलं की पदर घेते."

शिरूडला गँगच्या चाळीत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी शिरूडच्या पुढे लाइन एका टेकडीतून कापून नेली आहे तिथे आलो. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाच्या भिंती आणि मधे लाइन कोयत्यासारखी वळलेली. सगळे त्या जागेला कटिंग म्हणत. अक्कांची ती आवडती जागा. तिथे सावली असायची, आणि बोललेलं भिंतीवरून परत ऐकू यायचं.

"इथे ड्रायव्हरला पुढचं दिसतच नाही," त्या कौतुकानं सांगत होत्या. "बाक संपेपर्यंत काही दिसत नाही. शिट्टी देतो आणि देवावर हवाला ठेवून जातो. रूळ तपासणारा चावीवाला सकाळी लवकर येऊन रुळाच्या पाचरी ठोकून जातो, मग दुसऱ्या सकाळपर्यंत इथे माणूस म्हणून फिरकत नाही. दिवसभर ही जागा माझी."

हे सगळं मी ऐकलं. विसरलो नाही.

जामद्याजवळ गिरणेचा पूल लागला. पुलाआधी त्या बसल्या, लोट्यातलं पाणी प्यायल्या, आणि मी न विचारता बोलल्या. नवव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी सगळं संपलं. नवरा कसा दिसायचा ते आठवत नाही. रेल्वेत वगैरे कधीच नव्हता, चाळीसगावकडच्या एका खेड्यात शिकत होता आणि तापानं गेला. वडील त्यांना परत आणायला गेले. केस काढलेली बारा वर्षांची मुलगी घेऊन ते चाळीसगावला गाडीत चढले. डब्यात एक लग्नाचं वऱ्हाड होतं. वऱ्हाडातल्या बायकांनी कालवा केला की हिला उतरवा. गार्ड आला. वडिलांनी हात जोडले. शेवटी दोघं उतरले आणि गाडी गेली. दुसऱ्या गाडीची वाट न बघता बाप-लेक रुळाच्या कडेनं चालत धुळ्याला आले.

"तेव्हा कळलं की इतकं चालता येतं," अक्का म्हणाल्या. "रस्त्यानं चालले की समोरचा माणूस मागे फिरतो. दुकानदार कुलूप न उघडता किल्ली हातात धरून थांबतो. चाळीस वर्षं बघतेय. गाडी तेवढी मला बघून मागे फिरत नाही. मी बाजूला होते, ती जाते. यात अपमान नाही."

आणि त्या पुलावरून चालू लागल्या. फळ्यांच्या फटींतून खाली गिरणेचं पाणी दिसत होतं. मी एकेक फळी चाचपत होतो, त्या मात्र परसात फिरावं तशा चालल्या होत्या.

मग बेचाळीस साल आलं. ऑगस्टात पुढारी तुरुंगात गेले, शाळा ओस पडली. आमच्या शाळेतला ड्रॉइंग मास्तर माझा जिवलग मित्र होता, तो आणि आणखी तिघं काही करायचं म्हणत होते. सोमवारी दुपारी चाळीसगावहून एक मालगाडी येणार, पलटणीसाठी धान्याची, अशी त्याला बातमी होती. जागा हवी होती, जिथे दिवसा कुणी फिरकत नाही.

मी जागा सांगितली. कटिंग, बाक, चावीवाल्याची वेळ, सगळं. अक्कांचे शब्द जसेच्या तसे माझ्या तोंडून निघाले. ड्रायव्हर आणि फायरमन यांचं काय, असं मी विचारलं. मित्र म्हणाला, चढणीवर गाडी हळू असते, ते उडी मारतील. मला ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं.

पावसाळ्यात अक्का कधी लाइनीवर जात नसत. नाल्यांना पाणी असतं, साप निघतात. म्हणून त्यांचा विचार माझ्या मनात आलाही नाही. त्या सोमवारी अकराच्या सुमारास शाळेवरून परतलो तर त्यांच्या दाराला कुलूप.

शेजारच्या बाई म्हणाल्या, "अक्का पहाटेच गेल्या. शिरूडच्या मुकादमाची बायको बाळंत झाली म्हणे. डिंकाचे लाडू घेऊन गेल्यात. चार दिवस पाऊस उघडलाय ना."

शिरूडपर्यंत गेलेल्या अक्का कटिंगपर्यंत गेल्याशिवाय परत येणार नाहीत, हे मला माहीत होतं. मित्राची सायकल घेतली आणि निघालो. रस्ता चिखलाचा. सायकल चालवली थोडी, ढकलली जास्त. बोरविहीर सोडल्यावर सायकल झुडपात टाकली आणि रुळावरून पळू लागलो.

थोडं पुढे गेलो तर समोरून माणसं येत होती. शंभरेक असतील. बायका कडेवर पोरं घेऊन, म्हातारे काठ्या टेकत, डोक्यांवर गाठोडी, सगळी रुळावरून धुळ्याच्या दिशेनं पायी. मालगाडीत एवढी माणसं नसतात.

"काय झालं?" मी विचारलं.

एक म्हातारा थांबला. मालगाडी चाळीसगावलाच अडकवून ठेवली होती, म्हणून आधी पॅसेंजर सोडली. शिरूडच्या अलीकडे एकदम ब्रेक लागले, माणसं माणसांवर पडली. खाली उतरून बघतात तर पुढे रूळ उखडलेला.

"कुणी थांबवली?"

म्हाताऱ्याच्या मागचा, टोपी घातलेला एक दुकानदार म्हणाला, "सांगायची लाज वाटते. एक बोडकी बाई होती. अंगावर धड काही नाही, आणि लुगडं हातात घेऊन नाचवतेय. सोमवारच्या दिवशी असलं दर्शन."

तान्हं पोर घेतलेली एक बाई मागे वळली आणि त्याला म्हणाली, "ती नही ऱ्हाती ते तुनं तोंड आज कोन देखतं?"

मी ते पोर बघत होतो. ते झोपलं होतं. तिची माणसं पुढे गेली तरी मला पाय उचलता येईना.

कटिंगला पोचलो तेव्हा इंजिन वाफ सोडत उभं होतं. उखडलेला रूळ तिथून वीस-पंचवीस पावलांवर. त्या फटीपाशी गँगच्या माणसांनी बांबू रोवला होता आणि त्याला अक्कांचं आलवण बांधलं होतं, दुसरी गाडी येऊ नये म्हणून. ड्रायव्हर खडीवर बसून होता. आणि भिंतीच्या सावलीत अक्का बसल्या होत्या. अंगात ड्रायव्हरचा कोळशानं काळा झालेला कोट, पायांवर घोंगडी, डोकं उघडं. गुडघे सोलून रक्त वाळलं होतं. फट ओलांडून त्या गाडीच्या दिशेनं बाकाच्या पलीकडे धावत गेल्या होत्या, दोनदा पडल्या होत्या. हात हलवून ड्रायव्हरला कळेना. रुळावर एक वेडी बाई आहे असं समजून तो नुसत्या शिट्ट्या देत राहिला. तेव्हा त्यांनी आलवण सोडलं.

मी समोर जाऊन उभा राहिलो.

त्यांनी वर पाहिलं. आवाज अगदी हळू होता. "ही जागा तुला मीच दाखवली होती."

एवढ्यात फौजदार आला. तो घोड्यावरून उतरला आणि आधी त्याला अक्कांच्या अंगावरचा कोटच दिसला.

"एकटी बाई इतक्या लांब कशाला आली होतीस?"

"चालायला."

"इथे कुणी फिरकत नाही, हे कुणाला माहीत होतं?"

"मला."

"आणखी कुणाला?"

"ज्यांनी रूळ काढला त्यांना."

मी चार हातांवर उभा होतो. अक्कांनी माझ्याकडे मान वळवली नाही. मी तोंड उघडलं नाही. मी बोलू शकलो असतो.

तीन दिवस त्यांना ठाण्यात बसवून ठेवलं. शेवटी ड्रायव्हरनं साहेबापुढे जाऊन सांगितलं की ही बाई नसती तर मी नसतो, तेव्हा सोडलं. त्या घरी आल्या त्या मुकादमाच्या बायकोचं हिरवं जुनेर नेसून. गल्लीनं दारं लावून घेतली. गाडीत किती माणसं होती हे कुणी विचारलं नाही. बाई परपुरुषांसमोर उघडी उभी राहिली, याचीच चर्चा घराघरांत. आळीतल्या कर्त्या पुरुषांनी येऊन सांगितलं की प्रायश्चित्त घेतल्याशिवाय विहिरीवर यायचं नाही. मी ऐकून थक्क झालो, आणि मग लक्षात आलं की थक्क व्हायचा अधिकार सर्वांत कमी मला आहे.

ते गेल्यावर अक्का माझ्या खोलीच्या दारात आल्या. पूर्वी कधी उंबरठा ओलांडत नसत. त्या दिवशी आत येऊन उभ्या राहिल्या.

"तू पकडला जावंस असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण इथे राहू नकोस. तुझा कांद्याचा वासही नको आता."

मी जळगावला गेलो, तिथल्या शाळेत लागलो. ड्रॉइंग मास्तर पुढे पकडला गेला, सुटून आला, माझं नाव त्यानं कधी पोलिसांना सांगितलं नाही. पण स्वातंत्र्य आलं त्या आठवड्यात त्यानं ते सभेत सांगितलं. जळगावच्या माझ्या शाळेच्या अंगणात मांडव होता. त्यानं मला व्यासपीठावर ओढलं आणि म्हणाला की गाडी पाडायच्या धाडसी बेतामागे डोकं या माणसाचं. टाळ्या झाल्या. मुख्याध्यापकांनी माझ्या गळ्यात हार घातला. हार जड होता, ओला होता. मी मान वाकवून तो घेतला, आणि घेतला याचंच मला आजही सगळ्यात नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेलो. घर विकलेलं. नव्या माणसानं सांगितलं, म्हातारी शिरूडला असते, गँगच्या चाळीत.

चाळीच्या ओट्यावर मुकादमाच्या मुलीची वेणी घालत एक बाई बसली होती. पांढऱ्या केसांचा छोटासा अंबाडा, अंगावर निळं लुगडं. मी तिलाच विचारलं, अक्का कुठे आहेत. तिनं मान वर केली तेव्हा ओळखलं. अक्कांना केस असतील हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मी पायांशी बसलो आणि सगळं सांगितलं. त्या वेणी घालत राहिल्या.

"माहीत आहे मला," म्हणाल्या. "हार कशाबद्दल घातला म्हणालास?"

मी पुन्हा सांगितलं.

"गाडीत कोण होतं, हे त्यांना सांगितलंस का?"

"नाही."

"मग ते सांगून ये. त्याच मांडवात, त्याच माणसांपुढे. आलास की जेवायला बस माझ्याबरोबर."

मी जळगावला परतलो. मुख्याध्यापकांना एकट्याला गाठून सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं आणि म्हणाले, "मास्तर, झालं ते झालं. कुणी मेलं तर नाही ना? आता कशाला लोकांचा हिरमोड करता." मी बरं म्हणून वर्गावर गेलो.

दिवाळीनंतर पुन्हा शिरूडला उतरलो. चाळीपर्यंत जावं लागलं नाही. अक्का फलाटावरच उभ्या होत्या, गार्डाशी काहीतरी बोलत. मला पाहून दोन पावलं पुढे आल्या.

"सांगितलंस?"

"मुख्याध्यापकांना सांगितलं."

"आणि?"

"ते म्हणाले, राहू द्या."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. रागावलेल्या दिसल्या नाहीत. गाडी अजून उभी होती. गार्डानं हिरवं निशाण उलगडायला घेतलं होतं.

"मग तू अजून सांगितलेलं नाहीस," त्या म्हणाल्या. "चढ. सुटेल ती."

मी चढलो.